फडाला वारसा दालनात बसवू नका : जलपरिषदेच्या निवड समितीस खुले पत्र

परिषदेच्या निवड समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,



फड सिंचन पद्धतीवरच्या माझ्या प्रस्तावित निबंधाचा सारांश वाचून आपण सविस्तर प्रश्न पाठवलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सारांश वरवर चाळून परत पाठवणे सोपे होते. आपण तसे केले नाही. काही प्रश्नांनी मला पुन्हा कागदपत्रांकडे आणि पुन्हा पाटावर जायला लावले.

उत्तरे खाजगीत पाठवता आली असती. ती जाहीर लिहितो आहे, कारण पत्राच्या अखेरीस आपण एक सूचना केली आहे : हा निबंध जलव्यवस्थापनाच्या मुख्य सत्रातून काढून ‘पारंपरिक वारसा’ दालनात भित्तिपत्रकाच्या रूपात मांडावा. ही सूचना माझ्या एकट्याच्या निबंधापुरती नाही. पांझरा-मोसमच्या काठी आजही थोड्याफार प्रमाणात फडाच्या नियमाने पाणी भरणारी माणसे आहेत. त्यांचे काम व्यवस्थापन आहे की वारसा, हा प्रश्न बंद पाकिटात सुटू नये असे मला वाटते.

पत्र जाहीर असल्याने फड म्हणजे काय ते आधी सांगतो. जाणकारांनी हा भाग ओलांडून पुढे जावे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघून तापीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, तीनचारशे वर्षांपासून दगड-चुन्याचे बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या एका अंगाने पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात आणि भिजणारी सगळी जमीन सहसा तीन किंवा चार मोठ्या भागांत वाटलेली असते. तो प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक किंवा एकाच प्रकारच्या पाण्याची पिके. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात पावसाळी पीक, आणि एखादा पडीक. पुढच्या वर्षी फेरपालट. कोणत्या फडात काय घ्यायचे हे लाभधारक एकत्र बसून ठरवतात. पाणी सोडण्याचे काम शेतकरी स्वतः करत नाही, ते पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्याची, देखरेख हवालदाराची. या सगळ्यांचा मेहनताना पूर्वी धान्यातून आणि गुळातून निघत असे. पाट साफ करायला प्रत्येक घरातून माणूस येतो.

आता आपले प्रश्न. आपल्या क्रमाने जात नाही, कारण सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आपण मधेच कुठेतरी विचारला आहे.

फडावर आधीच पुष्कळ लिहिले गेले आहे, मग यात नवे काय, असे आपण विचारता. लिहिले गेले आहे हे खरे. के. आर. दाते आणि आर. के. पाटील यांनी १९८७ साली शेतकऱ्यांनी चालवलेल्या सिंचन व्यवस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फड आहे. १९९७ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी संपादित केलेल्या ‘डाइंग विज्डम’मध्येही तो आहे. या मंडळींनी बंधारे, पाट, नेमणुका, नियम यांची नोंद करून ठेवली नसती तर माझ्यासारख्याला सुरुवातच करता आली नसती. पण या लिखाणातून वाचकाच्या मनात जे चित्र उरते ते बंधाऱ्याचे. नदीच्या खडकाचा आधार घेत वळणावळणाने बांधलेला देखणा बंधारा छायाचित्रात येतो आणि लोकांना वाटते, हाच फड.

माझे म्हणणे असे की फडाचा जीव बंधाऱ्यात नाही. तो जमिनीच्या मांडणीत आहे. नीट चाललेल्या फडात प्रत्येक शेतकऱ्याची एकेक पट्टी प्रत्येक फडात असते. वरच्या फडात थोडी, मधल्यात थोडी, शेवटच्यात थोडी. त्यामुळे पाटाच्या तोंडाशी असणारा आणि पाटाच्या शेवटी असणारा अशी दोन माणसेच गावात उरत नाहीत, कारण तोच माणूस दोन्हीकडे असतो. नदीला पाणी कमी आले तर एक फड भिजवायचा नाही असे ठरते, आणि त्या निर्णयाचा तोटा सगळ्यांच्या वाट्याला आपापल्या पट्टीएवढा येतो. यात कोणाला मोठ्या मनाने त्याग करावा लागत नाही. व्यवस्थाच अशी लावलेली असते की शेजाऱ्याचे नुकसान करायला गेलात तर तुमचीही एक पट्टी वाळते.

ही मांडणी मोडली की बंधारा कितीही मजबूत असो, फड संपतो. निबंधातल्या एका गावी बंधाऱ्याची डागडुजी झाली आहे, पाटाच्या सुरुवातीच्या लांबीला सिमेंटचे अस्तर आहे, तोंडाशी नवी लोखंडी झडप आहे. पाणी पूर्वीपेक्षा जोरात येते. तरीही ते वरच्या फडाच्या पुढे क्वचितच जाते. वरच्या फडात ज्यांची जमीन आहे त्यांची खालच्या फडात आता काहीच नाही. दोन पिढ्यांपूर्वी वाटण्या होत तेव्हा प्रत्येक भाऊ प्रत्येक फडातली पट्टी उभी चिरून घ्यायचा. पट्ट्या अरुंद होत गेल्या, इतक्या की बैलजोडी वळवणे मुश्कील. मग पुढच्या वाटणीत थोरल्याने वरच्या फडातले सगळे घेतले, धाकट्याने खालच्यातले. कागदावर क्षेत्र सारखे, भाऊही समाधानी. पण त्या दिवशी एकाच घरात तोंडाचा शेतकरी आणि शेवटचा शेतकरी असे दोघे तयार झाले. नंतर खालच्याची जमीन विकली गेली. घेणारा गावाबाहेरचा. त्याने विहीर खोदली, वीजपंप बसवला आणि फडाचे पीक कोणते हे विचारायची त्याला गरज राहिली नाही.

याच ठिकाणी कायद्याचा एक धागा येतो, आणि माझ्या वाचनात त्याकडे फडाच्या बाजूने पुरेसे पाहिले गेलेले नाही. १९४७ चा तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा विखुरलेले तुकडे हा शेतीचा दोष मानतो. जिरायत शेतीपुरते त्यात तथ्य आहे, यात वाद नाही. पण फडाखालच्या जमिनीत विखुरलेपण हाच न्यायाचा पाया होता. एकत्रीकरण योजनेत तुकडे जोडून गट नंबर पडले तेव्हा नकाशा नीटनेटका झाला, आणि ज्या गावांत ही योजना फडाखालच्या क्षेत्राला लागली तिथे पाण्यातली भागीदारी सैल पडली. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्यासमोर फड नव्हता, एवढेच.

इथूनच आपल्या पुराव्याच्या प्रश्नाकडे येतो. ‘मांडणी प्रामुख्याने मौखिक माहितीवर अवलंबून दिसते, लेखी साधने कोणती?’ असे आपण लिहिले आहे. प्रश्न रास्त आहे. पाण्याच्या पाळ्यांची जुनी लेखी नोंद मला मिळालेल्या गावांत नाही, कारण ती ठेवायची गरज कोणाला पडली नाही. पण जमिनीची नोंद आहे. जुने सर्व्हे नंबर, फाळणीचे नकाशे, एकत्रीकरणाचे उतारे, फेरफार. एकेका खातेदाराच्या पट्ट्या कोणत्या फडात होत्या आणि वाटणी, खरेदी, एकत्रीकरण यांनंतर कुठे राहिल्या, हे या कागदांवरून मांडता येते. निबंधाचा अर्धा भाग याच कामाचा आहे, आणि तो सारांशात एका ओळीत उरकला गेल्यामुळे आपल्या नजरेतून सुटला असावा. सुधारित सारांशात त्याला जागा दिली आहे. शिवाय खानदेश जिल्ह्याचे १८८० चे गॅझेटियर आहे, त्यात या भागातल्या बंधाऱ्यांची दखल आहे. ते बंधारे कोणी बांधले याबद्दल तिथे दिलेली माहितीही लोकांच्या सांगण्यावरून आलेली आहे. गोऱ्या अधिकाऱ्याने गावकऱ्यांचे सांगणे छापले की ते लेखी साधन होते आणि मी पाटकऱ्याचे सांगणे लिहून घेतले की ते मौखिक राहते, हा फरक मला मान्य नाही. दोन्ही सांगणी सारख्याच काटेकोरपणे तपासली पाहिजेत.

धुळ्यात बसून हे लिहिताना राजवाड्यांची आठवण होणे साहजिक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस याच शहरात गेले आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी त्यांचे इथेच निधन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चे खंड ज्या कागदांवर उभे आहेत ते त्यांनी घरोघर हिंडून मिळवले. त्या काळी अनेक घरांत त्या रुमालांना किंमत नव्हती. आज पाटकऱ्यांच्या डोक्यात असलेल्या माहितीची तीच स्थिती आहे, फक्त तिच्याकडे वेळ कमी आहे. कागद वाळवीपासून वाचवता येतो. ऐंशीच्या घरातला माणूस गेला की त्याच्याबरोबर पाटाची ती लांबी जाते.

प्रवाहाच्या मोजणीबद्दल आपण विचारलेत. लिटर प्रतिसेकंदात आकडे का नाहीत? सुधारित निबंधात आहेत. पाटाच्या सरळ लांबीत तरंगता लाकडी तुकडा सोडून वेग घेतला, पाण्याचा छेद मोजला आणि पृष्ठभागावरचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो म्हणून नेहमीची घट धरली. या पद्धतीत चूक राहते, ती किती हेही तिथेच दिले आहे. पण या निमित्ताने पाटकऱ्याची मोजणी कशी असते ते समितीने ऐकावे.

माझ्याबरोबर या कामात असलेल्या पाटकऱ्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. रात्रीच्या पाळीला ते चारीच्या तोंडाशी येतात तेव्हा कंदील बाजूला ठेवतात आणि आधी पाण्यात पाय घालून उभे राहतात. पाणी घोट्याच्या वर किती आले यावरून पाटात किती आहे ते कळते. मग तोंडावरचा मातीचा गोळा फावड्याने थोडा मोडतात, दोन ढेकळे आणि गवताचा एक पुंजका उरलेल्या फटीत दाबतात. चारी भरली की पहिल्या वाफ्याकडे जात नाहीत, शेवटच्या वाफ्याकडे चालत जातात. तिथे पाणी पोचायला लागणारा वेळ हीच त्यांची मोजणी. काळ्या भारी जमिनीत तो वेळ वेगळा, मुरमाड पट्टीत वेगळा, ऊस गुडघाभर असताना वेगळा आणि डोक्यावर गेल्यावर वेगळा. उशीर झाला तर मधे कुठेतरी उंदराने बीळ केले आहे किंवा कोणी बांध फोडला आहे, असे समजून ते काठाकाठाने परत येतात आणि ती जागा शोधून काढतात. या सगळ्यात शेताचा मालक कुठेही नसतो. तो घरी झोपलेला असतो. एका फडात एकसारखे पीक असल्यामुळे कोणाला किती पाणी लागेल हे वेगवेगळे विचारावे लागत नाही, म्हणून रात्रीचे पाणीही वाया जात नाही. कालव्यावरच्या अनेक शेतकऱ्यांनी रात्रीच्या पाण्याची धास्ती घेतलेली असते, हे आपल्या समितीतल्या अभियंत्यांना मी सांगायला नको.

माझे आकडे एका क्षणाचे आहेत. नानांची मोजणी पाणी जमिनीत जाईपर्यंतची आहे. निबंधात दोन्ही शेजारी ठेवली आहेत, आणि जिथे त्यांचा मेळ बसत नाही तिथे तसे लिहिले आहे.

सैद्धांतिक चौकट दाखवा, असाही आग्रह आहे. चौकट आहे, आणि तिने मला खरोखर मदत केली. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या ग्रंथात सामाईक संसाधने लोक स्वतः कशी टिकवतात हे जगभरातल्या उदाहरणांवरून मांडले. त्यात स्पेनमधल्या वालेन्सियाच्या पाणी न्यायालयाची चर्चा बहुतेकांना आठवते. मला जास्त महत्त्वाचे वाटले ते फिलिपीन्समधल्या इलोकोस भागातल्या ‘सान्हेरा’ मंडळांचे वर्णन. तिथेही भिजणारी जमीन मोठ्या भागांत वाटलेली असते, प्रत्येक सभासदाला प्रत्येक भागात एक तुकडा असतो, आणि पाणी अपुरे असेल त्या वर्षी खालचा भाग भिजवायचा नाही एवढा एकच निर्णय घेऊन टंचाई सगळ्यांत वाटली जाते. पांझरेकाठच्या माणसाने इलोकोस पाहिलेले नाही आणि तिथल्या माणसाने पांझरा. दोन इतक्या दूरच्या ठिकाणी लोक त्याच उत्तरापाशी आले, यावरून ते उत्तर एखाद्या गावाची जुनी रीत म्हणून बाजूला ठेवण्यासारखे नाही, असे मी म्हणतो. निबंधातला युक्तिवाद या तुलनेवर उभा आहे.

विश्वेश्वरय्यांविषयीची आपली सूचना मात्र मला घेता येत नाही. त्यांची ब्लॉक पद्धत फडावरून आली असे स्पष्ट लिहिल्यास निबंधाला राष्ट्रीय संदर्भ मिळेल, असे आपल्यापैकी एका परीक्षकांनी सुचवले आहे. घटना अशा आहेत : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, नोकरीच्या सुरुवातीच्याच काळात धुळ्याकडे आले आणि दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून नळाचा वक्रनलिका मार्ग नेण्याचे अवघड काम त्यांनी पुरे केले. पुढे १८९९ च्या सुमारास त्यांनी नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धत मांडली, तीत पाणी ठरावीक गटांत बांधून पिकांची फेरपालट होती. तरुण अभियंत्याने पांझरेवर फड पाहिले असणार हे उघड आहे, दोन पद्धतींत साम्यही आहे. पण साम्य आणि सहवास म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय फडाला मोठेपण मिळावे म्हणून त्याला एका थोर माणसाच्या नावाची जोड द्यावी, ही कल्पनाच मला पटत नाही. ज्या पाटकऱ्यांनी आणि गावपंचांनी ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या चालवली, तिचे श्रेय त्यांच्यापाशीच राहू द्यावे.

आता तो प्रश्न, जो आपण मधेच विचारला आहे आणि जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ‘फडातली समता ही जमीनधारकांपुरतीच होती काय? भूमिहीन आणि स्त्रिया यांचे स्थान काय?’

होय, ती जमीनधारकांपुरतीच होती. फडात पाणी जमिनीला चिकटलेले आहे. ज्याची पट्टी त्याला पाणी, ज्याची मोठी पट्टी त्याला जास्त पाणी. ज्याची पट्टीच नाही तो पाट साफ करायला मजुरीवर येतो, उसाची राखण करतो, आणि पाण्याच्या बैठकीत त्याला आवाज नसतो. स्त्रिया उसात निंदणी करतात, गव्हाची कापणी करतात, रात्री पाणी फुटले तर धावत जाऊन बांध घालणाऱ्याही असतात. पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बैठकीत बसत नाहीत. पती वारल्यावर नाव लागलेल्या काही विधवा बैठकीला येऊ लागल्या आहेत. त्यांच्याशी झालेल्या बोलण्याला निबंधात वेगळे प्रकरण आहे, आणि तिथे फडाच्या स्तुतीला पुष्कळ कात्री लागते.

या बाबतीत फडापेक्षा पुढे गेलेले काम महाराष्ट्रातच झाले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने दिले गेले, कुटुंबाला कमाल अडीच एकरापर्यंत. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. उसाला पाणी नाही. फडाकडे टंचाई वाटून घेण्याची युक्ती आहे, पाणी पंचायतीकडे वाटा कोणाचा याचे जास्त न्याय्य उत्तर आहे. कोणी या दोन्हींना एकत्र आणून नवी रचना करायची ठरवले तर काय करावे लागेल, हा निबंधाचा शेवटचा भाग आहे. फड होता तसा परत आणा असे मी कुठेही म्हटलेले नाही.

मग आज उपयोग काय, हा प्रश्न आलाच. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याचा मार्ग मोकळा झाला. संस्थेला पाणी मोजून द्यायचे आणि आतले वाटप तिने करायचे, असे त्याचे सूत्र. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावरच्या संस्थांनी हे काम नेटाने करून दाखवले. पण किती तरी ठिकाणी संस्था कागदावर राहिल्या, आणि त्यांच्या भांडणाचे मूळ विचारले तर उत्तर एकच येते : वरचा पाणी सोडत नाही. शेजपाळीने शेवटाकडून पाणी द्यायचा नियम असतो, तो पाळून घ्यायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला वरच्या शेतकऱ्याच्या बांधावरून रोज जायचे असते. कायद्याने मोजणी दिली, हितसंबंध मात्र होते तसेच वरचे आणि खालचे राहिले. फड हे सांगतो की नियम बळकट करण्याआधी हितसंबंध एकमेकांत गुंतवता येतात. आज कोणी आपली जमीन चार जागी वाटून घेणार नाही, हे मलाही कळते. पण संस्थेच्या हद्दीत ऊस आणि भाजीपाल्याच्या पाण्याचा हक्क दरवर्षी वेगवेगळ्या भागाकडे फिरवता येईल का, टंचाईच्या वर्षी कोणता भाग सोडायचा हे पेरणीआधी ठरवता येईल का, जो भाग सुटला त्याला उरलेल्यांनी काय द्यायचे, हे प्रश्न उद्याच्या व्यवस्थापनाचे आहेत. हे वारशाच्या दालनात कोणाला विचारणार?

वरच्या धरणांचा विषय सारांशात टाळला आहे, असे आपले निरीक्षण आहे. टाळलेला नाही, शब्दमर्यादेत आला नव्हता. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, साक्री तालुक्यात लाटीपाडा आणि मालनगाव ही धरणे झाल्यापासून नद्यांचा हिवाळी झरा राहिला नाही, पाणी खात्याने सोडलेल्या आवर्तनाने येऊ लागले. याने काही गावांना उन्हाळ्यात पूर्वी नव्हते ते पाणी मिळाले, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. त्याचबरोबर नदीकडे पाहून गावाने घ्यायचा निर्णय आता कार्यालयाच्या पत्राची वाट पाहतो. पाट कधी साफ करायचा हेसुद्धा आवर्तनाची तारीख कळल्यावर ठरते, आणि तारीख अलीकडे कळली की पाट तसाच राहतो.

गावांची नावे निबंधात नाहीत याबद्दल आपण शंका घेतली आहे. पाटावर आणि नदीत विनापरवाना मोटारी टाकल्याचे उल्लेख आहेत, भाऊबंदकीच्या वाटण्यांचे तपशील आहेत. ज्यांनी विश्वासाने सांगितले त्यांना माझ्या निबंधामुळे नोटीस येऊ नये. समितीला पडताळणीसाठी हवी असतील तर उतारे आणि नकाशे मी समक्ष दाखवीन.

राहिला सहसादरकर्त्याचा मुद्दा. अर्जात नानांच्या नावापुढे संस्था आणि पदवी हे रकाने रिकामे आहेत, म्हणून त्यांचे नाव ‘ऋणनिर्देशात’ घ्यावे असे आपले म्हणणे. निबंधातले तीन निष्कर्ष त्यांनी माझ्या चुकीच्या समजुती खोडून मला दिले आहेत. उंदराच्या बिळापासून चारीच्या उतारापर्यंत त्यांनी दाखवले ते मी लिहिले. ज्याचे काम आहे त्याचे नाव वर असते, हाच विद्यापीठातला नियम आहे, तोच इथे लावावा. ते अहिराणीत बोलतील, मी मराठीत सांगेन. सभागृहातल्या खानदेशी मंडळींना माझी गरजही पडणार नाही. आणि प्रश्नोत्तरे झाली तर ती त्यांच्याशी व्हावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाण्याच्या वाटपावर आयुष्यभर अंमल करणारा माणूस पाण्याच्या परिषदेत बोलण्याच्या जागी असावा, प्रेक्षकांत नव्हे.

म्हणून वारसा दालनातले भित्तिपत्रक आम्हाला नको आहे. मुख्य सत्रात वीस मिनिटांची जागा नसेल तर दहा द्या, आम्ही फक्त जमिनीच्या मांडणीचा भाग सादर करू आणि बाकी छापील प्रतीत देऊ. तेही शक्य नसेल तर निबंध पुढच्या परिषदेसाठी ठेवावा. पण व्यवस्थापनाच्या सत्रात तो का बसत नाही, याचे कारण समितीने लेखी कळवावे.

सुधारित सारांश, दोन फडांचे जुने-नवे नकाशे आणि प्रवाहमापनाचा तक्ता सोबत जोडला आहे. रब्बीच्या पाळ्या सुरू झाल्या की नानांना पाट सोडून येता येत नाही, बदली पाटकरी मिळवायला निदान पंधरा दिवस लागतात. तेव्हा सत्राची तारीख ठरताच कळवावी.

कळावे,
आपला,
साक्री तालुक्यातील एक सिंचन अभ्यासक